जगतगंजच्या विटा : सारनाथच्या एका स्तूपाचे पुढे काय झाले?

१/
१७९४ सालचा जानेवारी महिना. वाराणसीपासून सुमारे दहा किलोमीटरवर, सारनाथच्या ओसाड माळावर मजूर विटांचा एक प्रचंड ढिगारा उपसत होते. बाबू जगतसिंह यांना शहरात नवी पेठ वसवायची होती. तिचे नाव जगतगंज. पेठेसाठी विटा हव्या होत्या आणि त्या या ढिगाऱ्यात विपुल होत्या. पक्क्या भाजलेल्या, अखंड आणि फुकट. सुमारे अठरा हात खोल गेल्यावर मजुरांना एक दगडी पेटी सापडली.

२/
पेटीच्या आत हिरवट संगमरवराचे पात्र होते. त्यात अस्थींचे काही तुकडे, मोती आणि सोन्याचे पत्रे होते. मजूर ज्याला ढिगारा समजत होते, तो वस्तुतः स्तूप होता. अभ्यासक आज त्याला ‘धर्मराजिका’ म्हणतात आणि त्याची मूळ उभारणी सम्राट अशोकाच्या काळातली मानतात. सारनाथला जाणाऱ्या प्रवाशाला आज तेथे केवळ एक वर्तुळाकार पाया दिसतो. वरचा स्तूप विटाविटांनी शहरात गेला.

३/
हा थ्रेड त्या विटांविषयी आहे. जुन्या वास्तूचे साहित्य नव्या वास्तूत वापरण्याची रीत मानवाइतकीच जुनी आहे. ती कधी वारसा टिकवते, कधी पुसून टाकते. हा भेद नेमका कशाने पडतो, याचे उत्तर शोधायला सारनाथइतके बोलके स्थळ क्वचितच सापडेल. कारण येथे पुनर्वापराचे जवळजवळ सर्व प्रकार एकाच माळावर घडले, आणि त्यांपैकी बऱ्याच प्रकारांची नोंदही झाली.

४/
प्रथम एक साधा प्रश्न. जगतसिंहांनी नव्या विटा का भाजून घेतल्या नाहीत?

गंगेच्या मैदानात गाळाची माती हवी तेवढी मिळते; महाग असते ते इंधन. कच्ची वीट पक्की करायला भट्टी दिवसेंदिवस पेटती ठेवावी लागते आणि त्यासाठी लाकडाच्या राशी लागतात. प्राचीन वीट म्हणजे कोणीतरी आधीच जाळून ठेवलेले सरपण होते. शिवाय बांधकामयोग्य दगड जवळपास नाही. तो गंगाकाठच्या चुनारच्या खाणींतून आणावा लागे. अशा मुलखात जुने बांधकाम हीच सर्वांत स्वस्त खाण ठरते.

५/
दुसरे कारण बांधकामाच्या पद्धतीत आहे. प्राचीन विटांची बांधकामे बहुधा मातीच्या गाऱ्यात केलेली असत. चुन्यात घट्ट बसवलेली वीट काढताना फुटते; मातीच्या गाऱ्यातली वीट मात्र अलगद सुटते. पक्की वीट आणि कच्चा सांधा हा संयोग तोडणाऱ्याच्या दृष्टीने आदर्श होय. धर्मराजिका स्तूप हा असा भरीव विटांचा डोंगर होता. तो पाडायला सुरुंग लागला नाही. कुदळ, पाटी आणि बैलगाडी एवढी सामग्री पुरली.

६/
परंतु सारनाथमध्ये पुनर्वापर सुरू करणारे जगतसिंह हे पहिले नव्हेत. त्यांच्या कितीतरी शतके आधी खुद्द बौद्ध भिक्षू आणि उपासक तेच करीत होते.

धर्मराजिका स्तूपाचा मूळ व्यास सुमारे १३.५ मीटर होता. पुढील काळात त्याचा विस्तार सहा वेळा झाला. प्रत्येक वेळी जुना स्तूप न पाडता त्याच्याभोवती विटांचे नवे कवच चढवले गेले. जुनी वास्तू नव्या वास्तूचा गाभा झाली. म्हणजे १७९४ मध्ये मजूर ज्या विटा काढत होते, त्या एका काळाच्या नव्हत्या. बाहेरून आत जाताना ते शतकामागून शतक सोलत चालले होते.

७/
मुख्य मंदिराच्या अवशेषांतही तेच दिसते. तेथील दक्षिणेकडच्या लहान गाभाऱ्यात एकाच दगडातून कोरलेला, चकचकीत झिलईचा मौर्यकालीन कठडा सापडला. हा कठडा मूळचा स्तूपाच्या शिखरावरील हर्मिकेचा असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. स्तूपाच्या माथ्यावरचा कठडा पुढे मंदिराच्या गाभाऱ्यात आला. त्याची जागा बदलली, पूज्यता मात्र बदलली नाही. हलवणाऱ्यांना तो काय आहे हे ठाऊक होते.

८/
याहून लक्षवेधी पुरावा एका शिलालेखात आहे. जगतसिंहांच्या मजुरांना त्याच जागी एक बुद्धमूर्ती मिळाली. तिच्या पीठावर विक्रम संवत १०८३, म्हणजे इ.स. १०२६ चा लेख होता. पाल राजा महीपाल याच्या काळात स्थिरपाल आणि वसंतपाल या बंधूंनी ‘धर्मराजिका’ व ‘धर्मचक्र’ यांचा जीर्णोद्धार केला आणि नवी गंधकुटी उभारली, असे तो लेख सांगतो.

दैवाचा खेळ असा की, स्तूप पाडणाऱ्यांच्या हाती त्याच परिसरातील जीर्णोद्धाराची सनद लागली.

९/
त्या गंधकुटीला लेखात ‘अष्टमहास्थान-शैल-गंधकुटी’ असे म्हटले आहे. या समासाचा अर्थ वादग्रस्त आहे. काही विद्वानांनी ‘आठ महास्थानांहून आणलेल्या दगडांची गंधकुटी’ असा त्याचा अर्थ लावला. तो खरा असेल, तर अकराव्या शतकात कोणीतरी बुद्धाच्या जीवनाशी निगडित आठ तीर्थांचे दगड मुद्दाम एकत्र आणले होते. तेथे दगडाचे मोल त्याच्या टणकपणात नव्हते; तो कोठून आला, यात होते.

१०/
सारनाथला येताना वाटेत चौखंडी स्तूपाची टेकडी लागते. तिच्या माथ्यावर अष्टकोनी मनोरा आहे. तो १५८८ मध्ये राजा तोडरमलाचा पुत्र गोवर्धन याने बांधला. बादशहा हुमायून एकदा येथे विसावला होता, त्या प्रसंगाची ती स्मृती. स्तूप तोवर मातीचा उंचवटा झाला होता. मोगलकालीन सरदाराने त्याचा चौथरा म्हणून उपयोग केला. येथे वास्तूचा अर्थ पूर्णतः पालटला, पण खालच्या विटा जागेवर राहिल्या. म्हणूनच आज दोन्ही काळ एकावर एक उभे दिसतात.

११/
बाराव्या शतकाच्या अखेरीनंतर सारनाथचे विहार ओस पडले. भिक्षू गेले, दाते गेले आणि त्यांच्यासोबत वास्तूंची ओळखही गेली. सहाशे वर्षांनी त्या माळावर जे उरले ते गावकऱ्यांच्या लेखी केवळ ढिगारे होते. यात दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. ज्या वास्तूची कथा सांगणारे कोणी उरत नाही, ती शेजाऱ्यांच्या नजरेत प्रथम टेकडी होते आणि मग खाण.

१२/
मात्र जगतसिंहांच्या माणसांचे एक वर्तन येथे विचारात घ्यायला हवे. विटा त्यांनी गाड्यांत भरल्या, पण पात्रातल्या अस्थी त्यांनी उकिरड्यावर फेकल्या नाहीत. त्या विधिपूर्वक गंगेत विसर्जित करण्यात आल्या. त्या अस्थी कोणाच्या आहेत हे ठाऊक नव्हते. पण मानवी अस्थींना गंगा मिळावी, हे ठाऊक होते. आपल्या परंपरेनुसार त्यांनी आदरच दाखवला. आणि त्याच आदराने बौद्ध जगतातील एक अमोल धातू-अवशेष कायमचा नाहीसा झाला.

१३/
ही हकीकत आज कळते ती एका नोंदीमुळे. जोनाथन डंकन हे त्या काळी बनारसचे कंपनी सरकारचे रेसिडेंट होते. त्यांनी पेटी, पात्र, अस्थी आणि मूर्ती यांचा वृत्तांत लिहून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठवला. तो सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या पाचव्या खंडात छापून आला. जवळच मिळालेल्या मूर्तीवरून या अस्थी बुद्धाच्या कोणा उपासकाच्या असाव्यात, असा तर्कही त्यांनी केला.

१४/
महाराष्ट्राला हे डंकन अपरिचित नाहीत. १७९५ मध्ये ते मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८११ मध्ये मुंबईतच वारले. फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या लेखाची पाने थोडी आहेत. पण ती नसती तर धर्मराजिका स्तूपाच्या गर्भातील ठेव्याविषयी एक अक्षरही कळले नसते. सोसायटीकडे गेलेले संगमरवरी पात्र पुढे गहाळ झाले. वस्तू हरवली, पण तिचे वर्णन टिकले.

१५/
चाळीस वर्षांनंतर त्याच लेखाचा माग काढत एक तरुण लष्करी इंजिनिअर सारनाथला आला. त्याचे नाव अलेक्झांडर कनिंगहॅम. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हा भावी जनक तेव्हा विशीतला होता. १८३५ च्या जानेवारीत त्याने शेजारच्या धमेख स्तूपाच्या माथ्यापासून सरळ खाली विवर खणायला घेतले. काम सुमारे वर्षभर चालले. पाचशे रुपयांहून अधिक खर्च त्याने पदरचा केला. ११० फूट खोल पाया लागला, पण धातुपेटी मिळाली नाही.

१६/
येथे एक प्रश्न उद्भवतो. एकाच माळावरचे दोन भव्य स्तूप. धर्मराजिका भुईसपाट झाला आणि धमेख आजही उभा आहे, असे का?

धमेखचा खालचा भाग दगडी शिळांनी मढवलेला आहे. कनिंगहॅमने नोंदवले की, या शिळा लोखंडी पट्ट्यांनी एकमेकींशी जखडलेल्या होत्या. एकेक शिळा सुटी करणे हे जिकिरीचे काम. शेजारी मातीच्या गाऱ्यातल्या सुट्या विटांचा डोंगर असताना या लोहबद्ध दगडांच्या वाटेला कोण जाईल? वास्तूचे आयुष्य तिच्या पावित्र्याइतकेच ती मोडायला किती खर्च येतो, यावरही अवलंबून असते.

१७/
कनिंगहॅमला जगतसिंहांनी पाडलेल्या स्तूपाची नेमकी जागा हवी होती. ती त्याला कोणत्याही नकाशाने दाखवली नाही. दाखवली शेजारच्या सिंहपूर गावच्या शंकर नावाच्या एका वृद्धाने. १७९४ मध्ये तो पोरवयाचा असून त्याच खोदकामावर मजुरीला होता. त्याने बोट ठेवले तेथे खणताच जुनी दगडी पेटी पुन्हा मिळाली. विटा नेणाऱ्यांनी ती तेथेच टाकून दिली होती. भारतीय पुरातत्त्वाच्या आरंभीच्या या शोधाचे श्रेय एका वृद्ध मजुराच्या स्मरणशक्तीलाही द्यायला हवे.

१८/
आता कथेचा सर्वांत क्लेशकारक भाग.

कनिंगहॅमने सारनाथमध्ये अनेक मूर्ती आणि कोरीव दगड उकरून काढले. त्यांतील निवडक, लेख असलेले नमुने त्याने कलकत्त्याला पाठवले. उरलेल्या चाळीसहून अधिक मूर्ती आणि इतर कोरीव दगड त्याने तेथेच उघड्यावर ठेवले. पुढे सरकारी कामासाठी ते गाड्यांत भरून नेण्यात आले आणि वरुणा नदीत पुलाखाली टाकले गेले. पुलाच्या कमानींमधला नदीचा तळ प्रवाहाने खरवडला जाऊ नये, यासाठी. ही हकीकत स्वतः कनिंगहॅमनेच आपल्या अहवालात लिहून ठेवली आहे.

१९/
मिशनरी लेखक शेरिंग यांनी १८६८ मध्ये काशीवर लिहिलेल्या ग्रंथात आकडेच दिले. वरुणेवरील एका पुलाच्या वेळी सारनाथच्या ४८ मूर्ती व इतर कोरीव दगड नदीत पडले. दुसऱ्या, लोखंडी पुलाच्या कामी सारनाथच्या इमारतींचे पन्नास ते साठ गाड्या दगड लागले.

ज्या नदीच्या नावावरून वाराणसी हे नाव पडले असे परंपरा सांगते, तिच्याच पात्रात या मूर्ती भराव म्हणून गेल्या.

२०/
सारनाथच्या लोकप्रिय इतिहासकथनात बहुधा एकच खलनायक असतो : जगतसिंह. या नोंदी शेजारी ठेवल्या की चित्र तितके सरळ राहत नाही. जगतसिंहांना स्तूप म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. पुलाचे काम करवणाऱ्यांच्या काळी मात्र डंकन यांचा लेख छापून कित्येक वर्षे लोटली होती आणि त्या मूर्ती जाणकाराने निवडून बाजूला काढलेल्या होत्या. किंबहुना कनिंगहॅमच्या उत्खननानेच त्या गाडीत भरण्यास सोप्या करून ठेवल्या. अज्ञान एकाचे होते; दुसऱ्याकडे ज्ञान होते, पण त्या ज्ञानाला कायद्याचे बळ नव्हते.

२१/
हे एकट्या सारनाथचे दुर्दैव नव्हते. १८७२-७३ मध्ये हाच कनिंगहॅम पंजाबातील हडप्पा येथे पुन्हा गेला, तेव्हा त्याने १८५० च्या दशकात पाहिलेले कितीतरी अवशेष उरले नव्हते. लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाच्या सुमारे १०० मैलांना पुरेल एवढी खडी त्या विटांपासून झाली, असे त्याने लिहिले. त्या विटा चार हजारांहून अधिक वर्षे जुन्या होत्या, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हते. १९२१ मध्ये दयाराम साहनींनी तेथे उत्खनन सुरू केले, तोवर शहराचा मोठा भाग रुळांखाली जाऊन बसला होता.

२२/
प्राचीन वास्तूंच्या जतनाचा कायदा भारतात १९०४ मध्ये झाला. योगायोग असा की त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, १९०४-०५ मध्ये, सारनाथला मोठे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. आणि ते करणारे फ्रेडरिक ओर्टेल हे सार्वजनिक बांधकाम खात्याचे इंजिनिअर होते. त्यांना अशोकस्तंभाचा खुंट आणि चार सिंहांचे शीर्ष सापडले. २६ जानेवारी १९५० पासून तेच भारताचे राजचिन्ह आहे. ते शीर्ष वाचले, कारण ते मातीखाली गाडलेले होते. पृष्ठभागावर दिसले असते, तर चुनारच्या त्या उत्तम दगडाचीही गाडी भरली गेली असती, अशी शंका घेण्यास पुरेशी जागा आहे.

२३/
आता मूळ प्रश्नाकडे. स्तूपाला कवच चढवणारे भिक्षू, कठडा गाभाऱ्यात नेणारे उपासक, टेकडीवर मनोरा बांधणारा गोवर्धन, विटा नेणारे जगतसिंह आणि मूर्ती नदीत टाकणारे पूलकर्ते. सर्वांनी जुने साहित्यच वापरले. भेद पडला तो जुन्या वस्तूची ओळख तिच्यासोबत गेली की नाही, यात. पहिल्या तिघांच्या बाबतीत जुने काय आणि नवे काय हे आजही वाचता येते. विटा मात्र जगतगंजच्या भिंतींत शिरताच मुक्या झाल्या. त्या तेथे आजही असतील; पण त्यांतली कोणती मौर्यांची आणि कोणती पालांच्या काळातली, हे कोणीही सांगू शकणार नाही.

२४/
या कसोटीवर महाराष्ट्रातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर आणि संत गोरा कुंभारांचे गाव. तेथील त्रिविक्रम मंदिराचा मागचा भाग विटांचा, गजपृष्ठाकार आहे. मूळचे ते बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पुढे त्याला मंडप जोडला गेला आणि आत त्रिविक्रम विष्णू आले. देवता पालटली, पण वास्तू वापरात राहिली. पूजा सुरू राहिल्यामुळे तिची डागडुजी होत गेली आणि कोणी तिच्या विटांना हात लावला नाही.

२५/
त्याच तेरमध्ये दुसरी बाजूही दिसते. मराठीत गावठाणाच्या जमिनीला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला ‘काळी’. शतकानुशतकांच्या वस्तीने पांढरट झालेली ही माती घरांच्या धाब्यांसाठी, भिंतींसाठी आणि शेतांत टाकण्यासाठी गावोगाव उकरली गेली. तिच्यासोबत मणी, नाणी, मृण्मूर्ती वर येत आणि विखुरल्या जात. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. माती उकरणे त्यांना थांबवता आले नाही; पण मातीतून जे निघाले, त्याचे गाव त्यांनी हरवू दिले नाही.

२६/
पुनर्वापराला आज पुन्हा प्रतिष्ठा मिळते आहे, आणि ते उचितच आहे. वीट भाजताना एकदा जळलेले इंधन दुसऱ्यांदा जाळावे लागू नये, हे जगतसिंहांचे गणित पर्यावरणाच्या दृष्टीने आजही बिनचूक आहे. पुण्या-नाशिकचे जुने वाडे पडतात, तेव्हा त्यांचे सागवानी खांब, तुळया, कोरीव दरवाजे विकले जातात आणि दूरच्या हॉटेलांत, बंगल्यांत पुन्हा उभे राहतात. लाकूड वाचते. पण कोणता खांब कोणत्या वाड्याचा, त्या वाड्यात कोण राहत होते, चौक किती होते, हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते.

२७/
पाडकाम थांबवणे प्रत्येक वेळी कोणाच्या हाती नसते. पाडण्यापूर्वी चार छायाचित्रे घेणे, मोजमाप टिपणे, घरातल्या वृद्धांना दोन प्रश्न विचारणे आणि विकलेल्या खांबासोबत त्याच्या मूळ वास्तूचे नाव लिहून देणे, एवढे बहुतेकांना शक्य असते. धर्मराजिका स्तूपाविषयी आज जे काही ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग एका रेसिडेंटच्या थोडक्या पानांतून आणि शंकर नावाच्या एका मजुराच्या आठवणीतून आला आहे.

जगतगंज हा वाराणसीतला गजबजलेला भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. पेठेला वसवणाऱ्याचे नाव मिळाले. विटांना मात्र त्यांचे नाव कोणी दिले नाही.

(समाप्त)